जव्हारी गारेगार : साहित्य आणि कृती

उन्हाळा लागला की मासिकांत थंड पेयांच्या कृती छापून येतात. सगळ्यांचा साचा एकच. गोठवलेली फळं फ्रीजरमधून काढा, मिक्सरला फिरवा, उंच ग्लासात ओता, वर पुदिन्याची दोन पानं खोचा. चार ओळी, पाच मिनिटं. लिहिणाऱ्याच्या घरी लाईट जात नाही, नळ सकाळी वेळेवर सुटतो आणि फळं पिशवीतून घरपोच येतात, एवढं त्या चार ओळींतच कळून येतं.

पालघर जिल्ह्याच्या डोंगरी अंगाला, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. फळं मात्र रानात फुकट लोंबत असतात. त्यामुळे इथली कृती जरा लांबते. नवशिक्यांनी घाबरून जाऊ नये. होळीला सुरुवात केली तर मृगापर्यंत पेला हातात येतो.

साहित्य असं : करवंदं मोठा द्रोणभर, काजूची बोंडं डझनभर, रायवळ आंबे सहा (त्यांतले दोन चाखून बघायला), रानातलं अळू आणि तोरणं मिळतील तशी, साखर, जाडं मीठ, घट्ट झाकणाचा कडीचा डबा, घमेलं, दोन गोणपाटं, भाताचं तूस, बर्फाची अर्धी लादी आणि पाणी. प्रमाण चार जणांचं आहे. पण पाड्यावर बर्फ आल्याची बातमी दाबून ठेवता येत नाही, तेव्हा पोरं धरून वीस जण येतील असं समजूनच चालावं. चारच पेले भरून चौघांनीच प्यायचं असेल, तर ही कृती आपल्यासाठी नाही. पुदिन्याची आहे ती करा.

पायरी पहिली : पाणी घ्या

मासिकवाले पाण्याला साहित्यात धरतच नाहीत. ‘आवश्यकतेनुसार’ म्हणून एका शब्दात उरकतात. इथे तेच मुख्य साहित्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, मोखाड्यातलं सूर्यमाळ त्याहून वर. पावसाळ्यात इथे कोसळतो तो पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. दाभोशाचा धबधबा बघायला त्या दिवसांत मुंबई-नाशकाच्या गाड्यांची रांग लागते. पण खाली काळा कातळ आणि जमिनीला उतार. पाणी मुरायला थांबत नाही, ओढ्याओहोळांनी खाली पळतं. मोखाड्याकडचं बरंचसं वैतरणेला मिळतं आणि वैतरणेवर मोखाडा तालुक्यातल्याच कोचाळ्याजवळ 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण उभं आहे. ते 2014 साली पुरं झालं. मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं आहे.

एवढं धरण उशाला असताना पाण्यासाठी लांब कशाला जायचं, असं नवशिक्या इथे हमखास विचारतो. जाणता विचारत नाही, तो हंडा उचलतो. धरणातलं पाणी खाली मोडकसागर धरणात जातं, तिथून भांडुपला जाऊन शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळांना लागतं. वांद्र्याच्या एखाद्या बारमध्ये उंच ग्लासात जो बर्फ किणकिणतो, त्यात मोखाड्याचा वाटा असतो. तिथे फळ परदेशचं आणि पाणी इथलं. आपल्याला याच्या उलट करायचं आहे, फळ इथलं घेऊन पाणी बर्फाच्या रूपानं खालून वर आणायचं आहे. कृती अवघड वाटते ती एवढ्यासाठीच.

एप्रिल सरता सरता विहिरींचे तळ दिसू लागतात आणि टँकर सुरू होतात. टँकर आला म्हणजे पाणी आलं, असं समजून हुरळू नये. तो बहुतेक वेळा विहिरीतच रिकामा करतात, आणि मग काठावर उभं राहून ते दोरी-कळशीनं पुन्हा वर शेंदावं लागतं. हंड्यावर कळशी ठेवून चढण चढायची, तर डोक्यावरची चुंबळ घट्ट वळलेली हवी. चुंबळ सैल सुटली की पाणी मानेवरून पाठीत उतरतं. उन्हाळ्यात ते क्षणभर बरंही वाटतं, पण वाटेवरच्या बाया ज्या नजरेनं बघतात ती सोसत नाही. हे काम वाचून जमणारं नाही. कुठल्याही पाड्यावर आठवीतली मुलगी गाठा आणि तिच्या मागून चाला.

पेयात मुरणारं पाणी जेमतेम दोन पेले असतं. बाकीचा हंडा फळं धुण्यात, हाताचा चीक काढण्यात आणि डबा घासण्यात जातो. फळांचं धुवण फेकू नये. परसात मोगरा असेल तर त्याला घालावं, तोच पुढे सजावटीला लागणार आहे.

पायरी दुसरी : फळं जमवा

फळांची मुख्य अडचण ही की ती एकमेकांसाठी थांबत नाहीत. काजूची बोंडं मार्चपासून पडू लागतात. करवंदं काळी होईतो एप्रिल संपत येतो. रायवळ आंबा मेमध्ये रंग धरतो. जांभूळ जून दाखवल्याशिवाय हाताला लागत नाही, आणि तेव्हा आपल्याला पेय नको असतं, छत्री हवी असते. म्हणून जांभूळ या कृतीतून वगळलं आहे. त्याच्यावाचून राहवत नसेल त्यानं पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचा रस्ता धरावा, तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. घोलवडच्या चिकूला ते 2016 सालीच मिळालं. पण चिकू पडला किनाऱ्यावरचा सुखवस्तू गृहस्थ, डोंगरच्या आंबटगोड मंडळींत तो रमत नाही. अलीकडे जव्हार-मोखाड्यात स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. ती हिवाळ्यातच संपते, त्यामुळे तिच्यावर वाद नको.

काजूच्या बोंडापासून सुरुवात करू. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, तो कोकणभर पसरला. जव्हारच्या उतारांवर बायफसारख्या संस्थांनी ‘वाडी’ योजनेतून आंब्या-काजूची कलमं लावून घेतली, ती आता फळतात. बी वेचून विकली जाते. बोंड झाडाखाली पडून राहतं आणि दिवसभरात आंबून जातं. बाजारात ते दिसत नाही, कारण बाजार गाठण्याइतका त्याला दम नसतो. म्हणजे आपल्या पेयातला सर्वांत रसाळ माल, ज्यात संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आहे, तो मातीत पडलेला असतो. सकाळी लवकर जाऊन वेचावा. ज्याच्या वाडीतला त्याला विचारून वेचावा. बी त्याला द्यावी, बोंड आपण घ्यावं. सौदा दोघांनाही पटतो.

बोंड नुसतं पिळून प्यायलात तर तुरटपणा घशात असा जाऊन बसतो की पुढचे दोन तास आवाज दुसऱ्याचाच वाटतो. त्यावर उपाय आहे. बोंडाच्या चकत्या करून मीठ चोळून ठेवायच्या, पिळायच्या आणि रसात साबुदाण्याची पातळ पेज ढवळायची. तुरटपणाचा गाळ तळाला बसतो. वरचा निवळ रस फडक्यातून गाळून घ्यावा. साबुदाणा उपवासाचा असल्यानं हे पेय एकादशीला चालेल का, असं कुणीतरी विचारतंच. चालेल. आणि एक सक्त ताकीद : कच्ची काजूबी दातानं फोडून बघू नका. टरफलातल्या तेलानं ओठ भाजून सुजतात, आणि मग पेय पपईच्या नळीनंसुद्धा पिता येत नाही. पपईच्या नळीबद्दल पुढे सांगेन.

करवंदाची जाळी बाहेरून रिकामी दिसते. हाताच्या अंतरावरची फळं गुराख्यांनी केव्हाच संपवलेली असतात. चांगली करवंदं आत, काट्यांच्या पलीकडे असतात. नवशिक्यानं बाह्या खाली करून आत हात घालावा. बाहेर काढताना घाई करू नये, काटे आत जाताना वाट देतात, येताना अडवतात. हे नको असेल तर जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्यावर पळसाच्या, सागाच्या पानांचे द्रोण मांडून बाया-मुली बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्यावीत. देठाशी पांढरा चीक येतो, तो दातांना आणि डब्याला सारखाच चिकटतो. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवली की सुटतो.

करवंदाची परीक्षा इथलं शेंबडं पोरही घेतं. ‘कोंबडा की कोंबडी?’ असं विचारून फळ फोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. पेयाला रंग हवा असेल तर कोंबडे जास्त पडावेत. मात्र ही तपासणी मुलांवर सोपवली तर सगळा द्रोण तपासून होतो आणि डब्यात घालायला काही उरत नाही.

अळू म्हणजे पातवड्यांचं नव्हे. हे रानातलं झाड आहे, त्याचं फळ पिकून तपकिरी झालं की आंबटगोड लागतं. आठळ्या फार, गर कमी, तरी दोन-चार घालावीत, वासाला बरी. तोरणं पांढरी, गोड आणि अंगी काही नसलेली. घातली काय, न घातली काय, पण मुलांनी आवडीनं आणलेली असतात. रायवळ आंब्याला धागे असतात. मिक्सर असता तर ते चेचले गेले असते. इथे आंबा हातानं माचून रस काढायचा, आणि कोयी चोखण्याचा हक्क रस काढणाऱ्याचाच, यावर वाद होऊ देऊ नये.

मधली पायरी : तिचं काय?

पेय म्हटल्यावर काही वाचक मघापासून ज्या एका वस्तूची वाट पाहत आहेत, तिच्याकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. बाया टोपल्या घेऊन अंधारातच जातात, गुरं-शेळ्या पोहोचायच्या आत फुलं वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेला मोह भाजूनही खातात. आणखी त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा, मोह त्याच्या कैक शतकं आधीचा. 2021 साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं काजूबोंडं, मोहफुलं यांच्यापासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यायचं ठरवलं. काजूचं एक वेळ ठीक, तो ब्राझीलहून आलेला. मोहाला मात्र इथे उगवूनही सरकारदरबारी परदेशी व्हावं लागलं.

दर्जा बदलला तरी परवाना लागतोच, आणि ही कृती बिनपरवान्याच्या लोकांसाठी आहे. शिवाय कायद्याआधी पदार्थविज्ञान आडवं येतं. शुद्ध मद्यार्क गोठायला उणे 114 अंश सेल्सिअस लागतं, आपल्या घमेल्यातल्या बर्फ-मिठानं उणे वीस गाठलं तरी नारळ फोडावा. मद्य जास्त झालेलं पेय गोठतच नाही. तुम्ही डबा फिरवत बसता आणि आजूबाजूचे ‘अजून पातळच आहे, आता असंच पिऊ’ म्हणत डबा रिकामा करतात. तेव्हा मोह घालायचाच तर साखरेऐवजी घाला. वाळलेली फुलं स्वच्छ करून गरम पाण्यात भिजवा, कुस्करा आणि गाळा. गोड, थोडा धुरकट पाक मिळतो. तो त्याच दिवशी वापरावा. चार दिवस झाकून ठेवलात तर तुमच्यावर लागणारं कलम बदलतं.

पायरी तिसरी : बर्फ वर आणा

जव्हार गावात फ्रीज पुष्कळ आहेत. भर उन्हाळ्यात दुपारच्या वाऱ्याला लाईट गेली की तीही कपाटंच होतात, आत ठेवलेलं दूध जरा उशिरा नासतं इतकंच. पाड्यांवरची गोष्टच वेगळी. म्हणून लादी विकत आणावी.

बर्फाचे कारखाने बहुतेक खाली, किनाऱ्याच्या बाजूला. सातपाटीत मासळीसाठी बर्फ लागतोच, पण तिथला गाव पापलेटचा. त्या बर्फात केलेल्या करवंदाच्या पेयाला येणारा वास कोळीवाड्यात गौरवाचा ठरेल, मोखाड्यात नाही. शिवाय बर्फ खायचा आहे की नुसता गारव्याचा, हे विकत घेताना विचारावं. 2018 पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचं बंधन आहे. आपल्या कृतीत बर्फ डब्याबाहेर राहतो, त्यामुळे निळा असला तरी बिघडत नाही. पण पोरं बाहेरचा बर्फच आधी चोखतात, तेव्हा पांढराच आणा.

लादी आणताना धीर सोडू नये. 1833 साली अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून तळ्यांतला बर्फ भरून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोहोचलं तेव्हा सुमारे 180 टनांतला शंभरेक टन बर्फ शाबूत होता. दोनदा विषुववृत्त ओलांडून. युक्ती एवढीच की बर्फ घट्ट रचून लाकडाच्या भुशानं वेढायचा. आपल्याला पालघरहून मनोर, विक्रमगड करत जव्हारचा घाट चढायचा आहे, समुद्र लागत नाही. भुशाऐवजी भाताचं तूस घ्या, ते इथे मुबलक. गोणपाटात तूस, तुसात लादी, वरून आणखी एक कोरडं गोणपाट. ओलं गुंडाळू नका. जीपवाला ठिबकणाऱ्या गोणीला माणसाचं भाडं लावतो आणि ती शेजाऱ्याच्या पायावर ठेवतो. शेजारी आधी कुरकुरतो, विक्रमगड गेल्यावर पाय काढून घेत नाही.

पायरी चौथी : फिरवा

जुन्या मध्यमवर्गीय घरांत आईस्क्रीमचा पॉट असे, लाकडी पिंपात पत्र्याचा डबा आणि वर दांडा. तो माळ्यावर असेल तर काढा. नसेल तर घमेलं पुरे. रोजगार हमीच्या कामावरून बहुतेक घरांत एखादं आलेलं असतं, पण त्याला सिमेंट चिकटलेलं नाही ना, ते बघा.

लादी गोणपाटातच दगडानं फोडावी. घमेल्यात बर्फाचा चुरा, मधोमध कडीचा डबा, भोवती पुन्हा बर्फ. आता वजनानं तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ या हिशेबानं थर द्या. मीठ लागलं की बर्फ शून्याखालीही वितळतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या वस्तूंतून ओढून घेतो, त्यात आपला डबाही आला. मिठाचं प्रमाण बरोबर पडलं तर पारा उणे वीसच्या आसपास उतरू शकतो. इथे नवशिक्या बर्फ वितळू लागलेला पाहून हळहळतो आणि मीठ थांबवतो. तसं करू नये. तो वितळायला हवा, त्यासाठीच तर आणला.

डब्यात सगळे रस एकत्र करून साखर विरघळवा. चाखल्यावर किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, कारण गारठलेल्या जिभेला गोडी कमी लागते. फार गोड केलंत तर मात्र मोहाच्या मद्याची जी गत तीच, पाक गोठेना. झाकण गच्च लावा, फटीवर कणीक लिंपा. मिठाचं पाणी एकदा आत शिरलं की फळांचं पेय म्हणून ते कुणाला देता येत नाही, कैरीच्या पन्ह्याचा नवा प्रकार म्हणून खपवावं लागतं.

आता डबा कडीला धरून अर्धा अर्धा वेढा पुढे-मागे फिरवत राहायचा. थोड्या थोड्या वेळानं उघडून कडेला धरलेलं उलथन्यानं खरवडून मध्ये ओढायचं. अर्धा-पाऊण तास हात थांबता कामा नये. तरण्या माणसांवर हे काम सोपवा, असं कुठल्याही पाकपुस्तकानं सांगितलं असतं. पण या दिवसांत पाड्यावर तरणी माणसं शोधून सापडत नाहीत. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पोरांना पाळी लावून द्यावी. आजोबांना मधोमध बसवावं. त्यांच्या बोलण्यात जव्हारच्या राजांची, मुकण्यांची, गोष्ट सुरू झाली की हात कसे फिरतात ते मुलांना कळतही नाही.

पायरी पाचवी : वाढा

लवकर वाढा, एवढंच.

तरीही थाटच हवा असेल तर सोय आहे. पपईचं पान देठासकट तोडा. देठ पोकळ असतो, दोन्ही टोकं छाटून धुतला की नळी तयार. कागदी छत्रीची हौस असेल तर बांबूच्या कामट्या आणि पानं घेऊन बोटभर इरलं विणून पेल्याच्या काठावर ठेवावं, पावसाळ्यात खरं इरलं विणणारे हात अजून इथे आहेत. वर मोगऱ्याचं एखादं फूल. जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा भल्या सकाळी दादरच्या फूलबाजाराला निघतो, त्याच्याआधी उठावं लागेल.

पेय घट्ट झालं तर चमच्यानं खावं. पातळ राहिलं तर प्यावं. खारट झालं तर मघाशी सांगितलं ते पन्हं. करवंदाच्या बिया दातांत आल्या तर थुंकाव्यात, त्या वेगळ्या काढायच्या राहून गेल्या. डब्याच्या तळाला थोडं उरेल, असं धरून स्वतःसाठी मागे ठेवू नये. उरत नाही.

मुंबई-ठाण्यातल्या वाचकांना ही कृती बरीच सोपी आहे. पहिली पायरी त्यांच्यासाठी आधीच केलेली आहे, नळ सोडला की झालं. त्यांनी फक्त करवंदांसाठी मे महिन्यात एकदा इकडे यावं. रस्त्याकडेला द्रोण घेऊन बसलेली बाई सांगेल तो भाव द्यावा. घासाघीस करायचीच असेल तर ती बर्फवाल्याशी करा, त्याचा माल बोलता बोलता वितळत असतो, त्यामुळे तो लवकर ऐकतो.